३५ ग्रॅम कलौंजीचा हिशेब

२.२ किलोची एक ब्रॉयलर कोंबडी बाजारात जाईपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खाते. त्या खाद्यात १ टक्का कलौंजी मिसळली, तर सबंध आयुष्यात तिच्या पोटात ३५ ग्रॅम कलौंजी जाते. ५,००० पक्ष्यांच्या शेडला त्यासाठी १७५ किलो कलौंजी लागते. हिशेबाच्या सोयीसाठी भाव २०० रुपये किलो धरू. एका बॅचला ३५,००० रुपये झाले. वर्षाला सहा बॅचेस निघत असतील तर २ लाख १० हजार.

हा खर्च कशासाठी, याचे उत्तर खाद्यपूरक विकणाऱ्यांच्या पत्रकांत एका ओळीत दिलेले असते: प्रतिकारशक्ती वाढते, मरतूक घटते. कलौंजीबद्दल हे सांगितले जाते, तसेच मेथी, जवस, ओवा, धने आणि शेवग्याच्या बियांबद्दलही. दावा हवेतला नाही. या बियांवर तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, इजिप्त आणि भारतातल्या पशुवैद्यकीय संस्थांत प्रयोग झाले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत चांगले आकडेही मिळाले आहेत. अडचण वेगळीच आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या वाक्याला एकक नसते. किती वाढली, कशावर मोजली, किती पक्ष्यांवर मोजली आणि त्या वाढीचे रुपये किती झाले, हे विचारल्याशिवाय शेतकऱ्याने खिशात हात घालू नये. हे आकडे ओळीने मांडले की बियांमध्ये गुण आहे हे दिसते, आणि तो गुण किती लहान आहे हेही दिसते.

विषय मोठ्या संख्येचा आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. २०१२च्या तुलनेत ही वाढ १६.८ टक्के होती. त्यांपैकी ५३ कोटींहून अधिक पक्षी व्यावसायिक शेडमधले होते. महाराष्ट्राचा वाटा ७.४३ कोटी. देशात तयार होणाऱ्या एकूण मांसापैकी जवळपास निम्मे आता कोंबडीचे असते. इतक्या पक्ष्यांच्या खाद्यात अर्धा-एक टक्का काय मिसळायचे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पैशाचा आहे, तसाच आपल्या ताटाचाही आहे.

बियांकडे लक्ष का गेले

१९५० साली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स या शास्त्रज्ञांना दिसले, की ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनातून उरलेला चोथा पिलांना खाऊ घातला की ती भराभर वाढतात. त्यानंतर अर्धे शतक जगभर कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिकचे छोटे डोस रोज जात राहिले. पक्षी आजारी नसतानाही ते दिले जात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार एक किलो कोंबडी तयार करण्यामागे सरासरी १४८ मिलिग्रॅम प्रतिजैविके वापरली जात होती. गोमांसासाठी हाच आकडा ४५ होता. औषधांना दाद न देणारे जीवाणू वाढू लागले तसे देश सावध झाले. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीच्या प्रतिजैविकांवर बंदी घातली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून सर्वच सदस्य देशांत ती लागू केली. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये राजधानी परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांतला वापर बंद केला. माणसावर बाकी औषधे चालेनाशी झाली की डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात, त्यांतले हे एक औषध आहे.

प्रतिजैविकांची ही जागा भरायला पर्याय हवा होता. प्रोबायोटिक आले, सेंद्रिय आम्ले आली, आणि त्यांच्या जोडीला मसाल्याच्या डब्यातल्या बिया आल्या. ओव्यातले थायमॉल जंतूंना मारते हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कलौंजीतल्या थायमोक्विनोनवर माणसांच्या औषधांसाठीही संशोधन चालते. दिशा चुकीची नव्हती. आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी वनस्पतिजन्य खाद्यपूरकांत थायमॉल हाच मुख्य घटक असतो.

प्रतिकारशक्ती कशाने मोजतात

कोंबडीच्या प्रतिकारशक्तीबद्दल आपल्याला जे कळले त्यात एका नाकारलेल्या शोधनिबंधाचा मोठा वाटा आहे. पक्ष्याच्या गुदमार्गाजवळ एक लहानशी पिशवी असते, बर्सा ऑफ फॅब्रिशियस. ती कशासाठी आहे, हे साडेतीनशे वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. १९५०च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पिलांची ही पिशवी काढून त्यांची वाढ कशी होते ते पाहत होता. त्याचा सहकारी टिमोथी चँग याला वर्गात प्रतिपिंडे कशी तयार होतात हे दाखवायचे होते, म्हणून त्याने ग्लिककडून पक्षी उसने घेतले. त्यांना साल्मोनेलाचे इंजेक्शन दिले. बर्सा काढलेल्या पक्ष्यांत प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. हा निबंध ‘सायन्स’ने परत पाठवला. अखेर १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला, आणि माणसाच्या रक्तातल्या बी पेशींच्या शोधाची वाट तिथून सुरू झाली. कोंबडीने वैद्यकशास्त्राला दिलेली ही देणगी पोल्ट्रीच्या धंद्यातल्या माणसांनाही फारशी माहीत नसते, याची मला हळहळ वाटते.

आज बियांच्या प्रयोगांत बर्सा तोलतात. तिच्याबरोबर प्लीहा आणि थायमसही तोलतात. ‘पूरक दिलेल्या गटात बर्साचे वजन लक्षणीय वाढले’ हे वाक्य अशा निबंधांत वारंवार भेटते. बर्सा शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. गंबोरो हा रोग झाला किंवा खाद्यातून बुरशीचे विष गेले की ती आक्रसते, म्हणून लहान झालेली बर्सा हे वाईट लक्षण खरेच. पण ती नेहमीपेक्षा थोडी मोठी भरली म्हणजे पक्षी तेवढा जास्त सुरक्षित, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरे माप प्रतिपिंडांचे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस दिल्यावर रक्त घेऊन एचआय टायटर काढतात. रक्तातला द्रव दर पायरीला निम्मा पातळ करत जायचे आणि कोणत्या पायरीपर्यंत तो विषाणूला अडवतो ते पाहायचे. १:१६ किंवा त्याहून वरचा टायटर आला तर चाचणी सकारात्मक धरावी, असा जागतिक पशुआरोग्य संघटनेचा दंडक आहे. आता एखाद्या प्रयोगात साध्या गटाचा सरासरी टायटर ५ पायऱ्यांचा, म्हणजे १:३२ निघाला आणि बियांच्या गटाचा ६ पायऱ्यांचा, म्हणजे १:६४. निबंधात ‘प्रतिपिंडे दुप्पट’ असे लिहिता येईल आणि ते खोटेही नसेल. पण एकच नमुना दोनदा तपासला तरी या चाचणीत एका पायरीचा फरक पडू शकतो. शिवाय दोन्ही गट १:१६च्या वरच आहेत. लस दोघांनाही लागू पडली, हेच त्या आकड्यांतून निघते.

इथे लस केव्हा दिली याला किती वजन आहे, तेही पाहा. पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा आईची प्रतिपिंडे बलकातून सोबत घेऊन येते. राणीखेतच्या बाबतीत ही प्रतिपिंडे साधारण साडेचार दिवसांनी निम्मी होतात. पहिल्या दिवशी १:१२८ टायटर असलेल्या पिलाचा आकडा साडेतेरा दिवसांत १:१६वर येतो. पाचव्या ते सातव्या दिवशी पहिली लस, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची लस, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा राणीखेतची लसोटा लस, हे वेळापत्रक त्या उतरत्या आकड्यांवर बसवलेले आहे. त्यात चार दिवसांची चालढकल झाली किंवा लसीच्या पाण्यात क्लोरीन राहिले, तर जे नुकसान होईल ते १ टक्का कलौंजीने भरून येणार नाही.

तिसरे माप रक्तातल्या हेटेरोफिल आणि लिम्फोसाइट या पेशींच्या गुणोत्तराचे. ०.२ म्हणजे ताण कमी, ०.५ म्हणजे बेताचा, ०.८ म्हणजे जास्त, अशी ढोबळ पट्टी सीगल आणि ग्रॉस या अमेरिकी संशोधकांनी दिली आहे. उन्हाळी शेडमध्ये हे माप टायटरपेक्षा उपयोगी पडते, कारण बियांतल्या ऑक्सिडीकरणरोधी घटकांचा परिणाम खरोखर कुठे दिसायचा असेल तर तो ताणाखालच्या पक्ष्यांतच दिसेल.

एकच बी, दसपट फरक

किती कलौंजी घालायची? प्रकाशित प्रयोगांत याचे एक उत्तर नाही. इराणमधल्या २०१०च्या एका अभ्यासात किलोमागे २ आणि ४ ग्रॅम घातली होती. पाकिस्तानातल्या २०१२च्या अभ्यासात हे प्रमाण ५० ग्रॅमपर्यंत गेले. दोन टोकांत २५ पट अंतर आहे. तुर्कस्तानात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाची रचना मला जास्त उपयोगाची वाटते, कारण तिथे एकाच वेळी ०.५, १, २ आणि ३ टक्के असे चार गट होते, आणि तुलनेला ॲव्हिलामायसिन हे प्रतिजैविक दिलेला गटही होता. त्यात १ टक्क्याचा गट पुढे राहिला. २ किंवा ३ टक्के घालून फायदा वाढला नाही. थोड्याने गुण येतो म्हणून जास्त घालावे, हा तर्क इथे चालत नाही. म्हणून या लेखातला हिशेबही १ टक्क्यावर केला आहे.

आता त्या ३५ ग्रॅमच्या आत डोकावू. कलौंजीत उडनशील तेल ०.४ ते २.५ टक्के असते आणि त्या तेलात थायमोक्विनोन साधारण ३० ते ४८ टक्के. दोन्ही आकडे खालचे धरले तर ३५ ग्रॅम बियांतून पक्ष्याला सबंध आयुष्यात ०.०४ ग्रॅम थायमोक्विनोन मिळते. दोन्ही वरचे धरले तर ०.४२ ग्रॅम. पोत्यावरचे नाव तेच, वजन तेच, आणि औषधी घटकात दसपट फरक. बी कुठले, किती जुने, आख्खे की भरडलेले, यावर सगळे अवलंबून आहे. त्यातही गोळी खाद्य तयार करताना मिश्रण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत वाफवले जाते. उडनशील तेल त्या वाफेबरोबर किती निघून जाते, हे गिरणीत कोणी मोजत नाही. भरडलेली कलौंजी पोत्यात महिनाभर पडून राहिली तर तिच्यातली चरबी खवट होते, आणि खवट चरबी पक्ष्याच्या शरीरावर उलटा ताण टाकते. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा कोणी तरी लबाडी केली असे समजायचे कारण नाही. त्यांनी वेगळ्या वस्तू खाऊ घातल्या असण्याचीच शक्यता जास्त. बाजारात खरेदी करणाऱ्याने एवढे तरी पाहावे, की कलौंजी म्हणून कारळे किंवा कडू जिरे पदरात पडत नाही ना.

जवसाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते आणि ते कोंबडीच्या मांसात उतरते, हे पक्के आहे. पण त्यासाठी जवस १० टक्क्यांच्या आसपास घालावा लागतो. तेवढ्या प्रमाणात त्यातला चिकट द्रव पचन मंद करतो, लिनाटिन हा घटक जीवनसत्त्व बी-६च्या आड येतो, आणि वाढ मागे पडू शकते. ओमेगा-३ असलेली कोंबडी जादा दराने विकत घेणारे गिऱ्हाईक आधी ठरलेले असेल, तरच जवस परवडतो. नुसत्या प्रतिकारशक्तीसाठी नाही.

रुपयांची बाजू

खाद्य ४० रुपये किलो धरू. १ टक्का कलौंजी घातली की ती तेवढ्याच वजनाचे खाद्य वाचवते, म्हणजे ३५ ग्रॅमचे १ रुपया ४० पैसे. कलौंजीचे ७ रुपये वजा १.४०, निव्वळ जादा खर्च पक्ष्यामागे ५ रुपये ६० पैसे. ५,००० पक्ष्यांना २८,००० रुपये. एक किलो मिश्रणाचा भाव ४० वरून ४१ रुपये ६० पैसे झाला, म्हणजे ४ टक्के वाढला. तो भरून यायला एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागणारे खाद्य, १.६० वरून १.५४वर यायला हवा.

यातून एक सोपा नियम निघतो. बियांचा भाव खाद्याच्या भावाच्या किती पट आहे ते काढा, त्यातून एक वजा करा आणि उरलेल्या आकड्याला मिसळण्याच्या टक्केवारीने गुणा. खाद्याची बचत तेवढे टक्के झाली तर बरोबरी होते. कलौंजी पाचपट महाग, म्हणून १ टक्क्याला ४ टक्के बचत हवी. मेथी ८० रुपये किलो, म्हणजे दुप्पट, तर १ टक्क्याला १ टक्का बचत पुरे. कलौंजी किलोमागे २ ग्रॅमच घातली तर ०.८ टक्के. पण ०.८ टक्के म्हणजे एफसीआर १.६०चा १.५८७ होणे. हवामान, पिलांची प्रत आणि उचल किती दिवस लांबली यांमुळे एका बॅचचा एफसीआर दुसऱ्या बॅचपेक्षा याहून कितीतरी जास्त हलतो. एवढासा फायदा झाला तरी शेतकऱ्याला तो डोळ्यांनी दिसणार नाही, आणि झाला नाही तरी तो न झाल्याचे कळणार नाही. पूरक विकणाऱ्यांचा धंदा नेमका या अंधारात चालतो.

मरतूक कमी झाली तर? ५,००० पक्ष्यांत मरतूक ५ टक्क्यांवरून ४ वर आली, तर ५० पक्षी वाचले. जिवंत पक्ष्याचा भाव १०० रुपये किलो धरला तर २.२ किलोचे ५० पक्षी म्हणजे ११,००० रुपये. २८,००० रुपयांच्या खर्चाला ते पुरत नाहीत.

आणि मरतूक १ टक्क्याने घटते हे सिद्ध कसे करायचे? ५ आणि ४ टक्क्यांतला फरक योगायोगाचा नाही, असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर सांगायचे असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६,७०० पक्षी लागतात. मरतूक थेट निम्म्यावर, म्हणजे ५ वरून अडीच टक्क्यांवर आली असली तरी गटागणिक ९०० पक्षी हवेत. बियांचे बहुतेक प्रयोग दोनशे-चारशे पक्ष्यांवर होतात, आणि ते पक्षीही चार-पाच गटांत वाटलेले असतात. १०० पक्ष्यांच्या गटात ५ टक्के म्हणजे ५ पक्षी आणि ४ टक्के म्हणजे ४. एका पक्ष्याचा फरक. वजन आणि टायटर यांसाठी एवढे पक्षी चालतात, मरतुकीसाठी नाही. म्हणून ‘मरतूक घटते’ हा दावा छोट्या प्रयोगाच्या आधारावर केलेला असेल, तर त्याला आधार नाही असेच समजावे.

मोठ्या संख्येचा अभ्यास कसा असतो ते डेन्मार्कने दाखवले. तिथल्या कोंबडीपालकांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके स्वतःहून बंद केली. नोव्हेंबर १९९५ ते १९९९च्या मध्यापर्यंतच्या ६,८१५ कळपांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मरतूक वाढली नाही. चौरस मीटरमागे निघणारे किलो घटले नाहीत. एफसीआर किलोमागे ०.०१६ किलोने वाढला. आपल्या २.२ किलोच्या पक्ष्यावर तो लावला तर जादा खाद्य ३५ ग्रॅम येते आणि ४० रुपये किलोने त्याचे १ रुपया ४० पैसे होतात. प्रतिजैविक काढल्याचे नुकसान १.४० रुपये, आणि ती जागा भरण्यासाठी १ टक्का कलौंजीचा निव्वळ खर्च ५.६० रुपये. चौपट.

डेन्मार्कची शेड आणि आपली शेड सारखी नाही, हा आक्षेप रास्त आहे. कॉक्सिडिओसिसवरची औषधे तिथे खाद्यात चालूच राहिली होती, हेही सांगितले पाहिजे. पण त्या आक्षेपातच खरा मुद्दा आहे. १९६३ साली इंग्लंडमध्ये मेरी कोट्स यांनी पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिलांना प्रतिजैविकयुक्त खाद्य दिले, तेव्हा त्यांची वाढ जास्त झाली नाही. शेडमध्ये जंतूंचा भार जितका जास्त, तितका अशा पूरकांचा परिणाम ठळक दिसतो. बियांनी तुमच्या शेडमध्ये मोठा फरक पडला, तर आनंदाबरोबर शेडच्या स्वच्छतेकडेही एकदा पाहायला हवे.

आधी पोत्यातला मका

ब्रॉयलरच्या खाद्यात मका साधारण ५५ ते ६० टक्के आणि सोयाबीनची पेंड २५ ते ३० टक्के असते. म्हणजे साडेतीन किलोपैकी जवळजवळ तीन किलो बीच आहे. ३५ ग्रॅमची चर्चा आपण करतो आणि या तीन किलोंची करत नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते.

ओलसर मक्यावर ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन तयार होते. कोंबडी खाद्यात भारतीय मानकाची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे १,००० टन खाद्यात अवघे २० ग्रॅम. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पटापट मेल्या. आधी नवाच रोग आला असे वाटले, नंतर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतले हे विष सापडले. मारण्याइतके विष क्वचितच असते. थोडे असते तेव्हा ते यकृत बिघडवते, बर्सा आणि थायमस लहान करते, आणि दिलेली लस नीट लागत नाही. शेतकऱ्याला दिसते ते एवढेच, की लस देऊनही मानमोडी आली. अशा खाद्यात वरून कलौंजी घालणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे. मक्यातली आर्द्रता मोजणे, पावसाळ्यात साठा कमी ठेवणे, शंका आली की नमुना तपासून घेणे, याला २८,००० रुपये लागत नाहीत.

शेडमधल्या हवेचेही तसेच. अमोनिया २५ पीपीएमच्या वर गेला की श्वासनलिकेतले बारीक केस निकामी होऊ लागतात आणि मानमोडीच्या विषाणूला, ई. कोलायला वाट मोकळी होते. ओले तूस वेळेवर हलवणे, भिजलेले काढून कोरडे टाकणे, गळके निपल बदलणे, हिवाळ्यात ऊब टिकावी म्हणून पडदे सगळे बंद करून हवा कोंडू न देणे, ही प्रतिकारशक्तीचीच कामे आहेत. आणि काही संकटांपुढे कोणतेही पूरक चालत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आला, तेव्हा आसपासच्या शेडमधल्या पक्ष्यांना काय खाऊ घातले होते याने काही फरक पडला नाही. सगळेच मारून पुरावे लागले. त्या वेळी उपयोगी पडते ती शेडच्या दारातली शिस्त: बाहेरच्याला आत न घेणे, पादत्राणे बदलणे, मेलेला पक्षी उघड्यावर न टाकणे.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच ब्रॉयलर उत्पादकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ते करार पद्धतीत आहेत. पिले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची. मोबदला किलोमागे, एफसीआर आणि मरतुकीवर ठरणारा. अशा शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून कलौंजी आणून खाद्यात हाताने मिसळली, तर खर्च सगळा त्याचा आणि वाचलेले खाद्य बहुतांशी कंपनीचे. शिवाय १०० किलोत १ किलो हाताने सारखे मिसळत नाही. काही पक्ष्यांना जास्त जाते, काहींना काहीच नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे. करारातल्या शेतकऱ्याने हे करू नये. स्वतःची पिले आणि स्वतःचे खाद्य असलेल्याने करून पाहायला हरकत नाही, पण मोजून.

मोजायचे म्हणजे एका शेडला बी आणि शेजारच्या शेडला नाही, असे नव्हे. दोन शेडमध्ये वारा, छत, कामगार सगळे वेगळे असते. एकाच शेडमध्ये जाळीने आठ-दहा कप्पे करावेत, प्रत्येकात सारखेच पक्षी ठेवावेत, कोणत्या कप्प्याला बी जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, खाद्य आणि वजन कप्प्यागणिक लिहावे. पाच-सहा उत्पादकांनी मिळून हे तीन बॅचेस केले तर हाती येणारा आकडा कोणत्याही पत्रकापेक्षा भरवशाचा असेल. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांतले, मुंबईच्या आणि शिरवळच्याही, पोल्ट्रीचे प्राध्यापक अशी मांडणी करून देऊ शकतात. विद्यापीठानेही चारशे पक्ष्यांच्या आणखी एका प्रयोगाऐवजी शेतकऱ्यांच्या शेडमध्ये हजारो पक्ष्यांवर असा एक मोठा अभ्यास करावा. डेन्मार्कने नोंदवह्यांतून जे केले ते आपल्याकडेही होऊ शकते. कंपन्यांकडे बॅचनिहाय नोंदी आहेतच.

तोपर्यंत तुमच्या शेडवर कोणी बियांचे पूरक विकायला आले, तर त्याला तीन आकडे विचारा: प्रयोग किती पक्ष्यांवर आणि किती कप्प्यांत झाला, सक्रिय घटक किती टक्के आहे आणि तो कोणत्या प्रयोगशाळेने तपासला, आणि खाद्याची किती टक्के बचत झाली तर हा खर्च भरून येतो. तिन्ही आकडे देता आले नाहीत, तर ते पैसे मक्याच्या तपासणीवर आणि कोरड्या तुसावर खर्च करा.